मोनॅडनॉक इमारत : भारवाही भिंतीची मर्यादा

भारवाही भिंत आणि पोलादी सांगाडा यांतील फरक आपण पाठ्यपुस्तकात तक्त्यात वाचतो. शिकागोतील मोनॅडनॉक या कार्यालयीन इमारतीत तो एकाच छपराखाली पाहायला मिळतो.

इमारतीचा उत्तर भाग बर्नहॅम अँड रूट यांनी रचला. तो १८९१ मध्ये पूर्ण झाला. सोळा मजले, उंची सुमारे ६५ मीटर. मालक असलेल्या बॉस्टनच्या ब्रूक्स बंधूंना नक्षीकाम नको होते. त्यामुळे दर्शनी भाग अगदी साधा आहे. आत लोखंडी खांब आहेत, पण बाहेरच्या भिंती विटांच्या व भारवाही आहेत. तळाशी त्यांची जाडी सुमारे १.८ मीटर आहे.

एवढी जाडी का लागली? विटकामाचे वजन दर घनमीटरला २० किलोन्यूटन धरा. समान जाडीच्या ६५ मीटर उंच भिंतीच्या पायथ्याशी, केवळ स्वतःच्या वजनामुळे, २० × ६५ = १३०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे १.३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर प्रतिबल येते. या गणितात जाडी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. जाडी सरसकट दुप्पट केली तर वजनही दुप्पट होते आणि प्रतिबल तेवढेच राहते. म्हणून भिंत खाली जाड आणि वर निमुळती ठेवावी लागते. मजल्यांचा भार आणि वारा यांचा विचार वेगळाच.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. इमारतीची रुंदी जेमतेम २० मीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून ३.६ मीटर, म्हणजे तळमजल्यावर रुंदीचा सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग भिंतींनीच खाल्ला. भाडे मिळते ते मोकळ्या जागेचे, भिंतीचे नाही. दुसरे म्हणजे, शिकागोची माती मऊ चिकणमातीची. इमारत खचणार हे गृहीत धरले होते, पण ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त खचली.

दक्षिण भाग होलाबर्ड अँड रोश यांनी १८९३ मध्ये पोलादी सांगाड्यावर पूर्ण केला. तेथे भार खांब वाहतात. भिंत केवळ आवरण उरते, म्हणून ती पातळ चालते.

स्वाध्याय : वरील गणित ३० मीटर उंचीसाठी करा. कमी उंचीच्या इमारतींत भारवाही भिंत आजही का परवडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.