वेठबिगारीचे दफ्तर

गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजे उभी राहतात. साखळदंड आणि समुद्र ह्यांवाचून गुलामगिरी असू शकते, ही कल्पना आपल्याला सहसा शिवत नाही. पण माणसाला त्याच्याच मुलखात, त्याच्याच डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्याचे करून टाकणारी एक गुलामगिरी होऊन गेली आहे. तिने साखळदंडाचे काम कागदावर भागविले.

अमेरिका खंडातील उदाहरण आधी घेऊ, कारण तेथे ह्या कागदांचा शोध बराच पुढे गेला आहे. 1492 पासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील मूळच्या रहिवाशांपैकी 25 ते 50 लाख माणसे गुलाम झाली असावीत, असा अंदाज इतिहासकार आन्द्रेस रेसेन्देझ ह्यांनी 2016 साली मांडला. गंमत अशी की स्पेनच्या राजाने ही गुलामगिरी 1542 च्या कायद्यानेच मना केली होती. कायद्याने शब्द मना केला; व्यवहाराने दुसरा शब्द शोधला. विकत घेतलेल्या मुलाला 'सोडवून आणलेला' म्हणू लागले, घरच्या गुलामाला 'वाढवलेला' म्हणू लागले. तेव्हा आज 'गुलाम' हा शब्द धरून जुनी दफ्तरे चाळली, तर ही माणसे सापडणारच नाहीत.

मग ती शोधायची कशी? न्यू मेक्सिकोत एस्तेवान राएल-गाल्वेझ ह्यांनी आरंभिलेले 'नेटिव्ह बाउंड-अनबाउंड' आणि ब्राउन विद्यापीठातील 'स्टोलन रिलेशन्स' ही दोन डिजिटल दफ्तरे ह्याच खटाटोपात आहेत. चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही घ्या. तीत एका मुलीला नवे नाव दिल्याची नोंद आहे. जमात अपाची, आईबाप अज्ञात, आणि ती अमक्याच्या घरची. पाद्रीबुवांनी ही ओळ गुलामगिरीची साक्ष म्हणून लिहिलेली नाही. परंतु तेच नाव पुढे घरमालकाच्या मृत्युपत्रात किंवा एखाद्या खटल्यात आढळले आणि दोन्ही कागद संगणकाने शेजारी आणून ठेवले, म्हणजे एका आयुष्याची कडा दिसू लागते. कागदाची छायाचित्रे घेणे हे त्यातले सोपे काम. नाव, वय, जमात, गाव, मालक, साल असे रकाने भरणे आणि दोन कागदांतले माणूस एकच आहे की नाही हे ठरविणे, ह्यातच खरी मेहनत आहे.

आता आपल्याकडे वळू. कंपनी सरकारच्या मुलखात 1843 च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामगिरीचा हक्क मानण्याचे सोडले. इथेही शब्द गेला आणि वस्तू राहिली. ठाणे जिल्ह्यातील वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे, बायकोही राबे. त्याला म्हणत लग्नगडी! मंगल शब्दाला इतकी अमंगळ जोड क्वचितच मिळाली असेल. 1930 नंतरच्या दशकात मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागाची पाहणी करविली, तेव्हा ही पद्धत सरकारी कागदावर आली. 1945 च्या मे महिन्यात झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ती हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक अजून कोणी वाचले नसेल तर जरूर वाचावे.

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या 23 व्या कलमाने बिगार मना केली; वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला आणि 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू धरला गेला. ह्या कायद्याने आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट केली. त्याने शब्दाची वाट पाहिली नाही. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे माणसाला दुसरीकडे काम धरता येत नसेल, मोकळेपणी कोठे जाता येत नसेल, तर त्याला गडी म्हणा की आणखी काही म्हणा, ती वेठबिगारीच होय. आणि कर्ज वेठीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार 15 व्या कलमाने सावकारावर टाकला. वही त्याच्या घरात, म्हणून उत्तरही त्यानेच द्यावे, हे आम्हांला न्यायाचे वाटते.

पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला येणारी माणसे वणीकरांना नवी नाहीत, आणि 'उचल' हा शब्दही नवा नाही. उचल घेतली म्हणजे कोणी गुलाम होत नाही. ती फिटल्यावर, किंवा न फिटताही, माणसाला निघून जाता येते की नाही एवढे पाहावयाचे. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात उभाडे येथे एका दहा वर्षांच्या कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले की, एखादी मेंढी आणि थोडे रुपये ह्यांच्या मोबदल्यात वस्तीतली मुले मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. इतिहास म्हणून चाळावयाच्या दफ्तरात 2022 सालचा रकाना ठेवावा लागतो, तो असा.

असे दफ्तर मराठीत मांडावयाचे तर सावकारी खातेवह्या, न्यायालयांचे निकाल, सुटकेचे दाखले आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची कोतवाल बुके एकत्र आणावी लागतील. जातीच्या दाखल्यासाठी ही बुके लोक आजही शोधतात. त्यांतल्या मोडी नोंदी वाचणारा माणूस मात्र हुडकावा लागतो. पण आमच्या मते आरंभ कागदापासून करू नये. लग्नगड्यांची मुले आज म्हातारी झाली आहेत. आईबापांकडून त्यांनी जे ऐकले ते आधी ध्वनिमुद्रित करावे, आणि वहीतली आकडेमोड मागाहून त्याच्याशी ताडून पाहावी. कोणाचे नाव उघड करावयाचे आणि कोणाचे झाकावयाचे, हेही त्या घरांना विचारूनच ठरावे. 'स्टोलन रिलेशन्स'च्या कामात तेथील जमातींचे प्रतिनिधी बरोबरीने बसतात. आपल्याकडे ही बैठक पाड्यावर घ्यावी लागेल, आणि तीही कापणी, छाटणी आटोपून माणसे घरी परतल्यावर.