उभ्या रेघांचा अर्थ

आमच्या नातवानें परवां जेईईच्या सरावांतील एक प्रश्न आम्हांपुढें ठेविला: |क्ष − ३| < ५, तर क्षच्या किंमती कोणत्या? त्यानें उभ्या रेघा पुसून ‘क्ष < ८’ असें उत्तर दिलें होतें. चार पर्यायांत तेंही छापलेलें होतें! मुख्य परीक्षेंत अशा बहुपर्यायी प्रश्नास ४ गुण असतात. चुकल्यास १ वजा होतो.

आम्हीं त्यास सूत्र सांगितलें नाहीं. ‘क्षच्या जागीं −१०० घालून पाहा,’ एवढेंच म्हटलें. −१०० हें ८ हून लहान खरें, परंतु डावी बाजू १०३ भरली. मुलगा चपापला.

मग संख्यारेषा काढविली. वायरश्ट्रास ह्या जर्मन गणितज्ञानें १८४१ मध्यें योजिलेल्या ह्या रेघा केवलमूल्य, म्हणजे अंतर, दाखवितात. क्ष हा ३ पासून ५ हून कमी अंतरावर आहे, एवढाच प्रश्नाचा अर्थ. उजवीकडे ५ पावलांवर ८, डावीकडे −२. म्हणून −२ < क्ष < ८. चिन्ह ‘> ५’ असें असतें, तर ह्या दोहोंबाहेरील संख्या घ्याव्या लागल्या असत्या: क्ष < −२ किंवा क्ष > ८. आणि उजवीकडे −५ असून चिन्ह ‘<’ असतें, तर उत्तरच नव्हतें. अंतर कधीं ऋण नसतें.

‘आजोबा, हें तर नुसतें मोजणें आहे!’ तो उद्गारला.

अर्थावांचून घोकलेलें सूत्र, मग तें पाणिनीचें असो वा बीजगणिताचें, ऐन वेळीं दगा देतें. पालकांनीं मुलांस आधीं अर्थ विचारावा, उत्तर मागाहून.