डोंगराचे पाणी, खाडीचा निधी

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत खाडी नाही, मग किनारा संवर्धनाच्या सरकारी निधीशी आपला काय संबंध, असा प्रश्न आमच्याकडे हमखास विचारला जातो. नकाशा पाहिला की उत्तर मिळते. काळू मुरबाडच्या घाटाखालून निघते, शहापूरची भातसा तिला मिळते आणि काळू पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हासचे पाणी मुख्यतः वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीशी जोडलेला आहे. खाडीकाठचा तिवर, कांदळ आणि चिपी खाऱ्या पाण्यात उभे असले, तरी वरून येणारे गोडे पाणी आणि गाळ त्यांनाही लागतो. त्यामुळे किनाऱ्याच्या कामाचा वरचा अर्धा भाग आमच्या डोंगरात आहे, असे मी मानतो.

आधी हा निधी येतो कोठून ते पाहू. केंद्राची ‘मिष्टी’ ही कांदळवन योजना २०२३-२४च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. पाच वर्षांत ९ राज्ये आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर काम करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तिच्यासाठी रोजगार हमी, कॅम्पा आणि इतर स्रोतांचा पैसा एकत्र आणायचा, असे त्याच वेळी सांगितले गेले. कॅम्पा म्हणजे वनजमीन धरणाला, रस्त्याला किंवा खाणीला देताना भरपाई म्हणून भरून घेतलेली रक्कम. २०१६च्या कायद्याने यातला ९० टक्के वाटा राज्यांकडे येतो. म्हणजे डोंगरातले जंगल गेले की जमा होणाऱ्या पैशाच्या प्रकारातूनच खाडीकाठी झाडे लागू शकतात.

‘मिष्टी’चा प्रस्ताव राज्याचा वन विभाग करतो, गावाने थेट अर्ज करण्याची ती योजना नव्हे. गावाला दार आहे ते राज्याच्या २०१७च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत. खाडीकाठच्या गावात सहव्यवस्थापन समिती होते आणि तिच्यामार्फत खेकडापालन, कालवे, पिंजऱ्यातील मासे, निसर्ग पर्यटन असे प्रकल्प मागता येतात. सामूहिक प्रकल्पात ९० टक्के रक्कम शासनाची आणि १० टक्के गटाची. वैयक्तिक प्रकल्पात हे प्रमाण ७५ आणि २५ टक्के. खेकडा कांदळवनात वाढतो, म्हणून जंगल राखणे हाच धंद्याचा पाया ठरतो. या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते.

अर्ज लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे तयार हवीत.

पहिला, जमीन कोणाची? सातबारा आणि वन विभागाची नोंद आधी काढावी. १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीवर बंदी कायम केली, भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले आणि शासकीय जमिनीवरील कांदळवन वन विभागाकडे देण्याचा आदेश दिला. मालकी ठरल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही.

दुसरा, तिथे पूर्वी काय होते? चिखलपट्टा मोकळा दिसतो, पण ठाणे खाडीतले रोहित पक्षी तिथेच चरतात. अशा ठिकाणी रोपे लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभा करणे.

तिसरा, भरतीचे पाणी आत येते का? तामिळनाडूत पिचावरमला आधी चर खोदून भरतीचे पाणी आत घेतले, मग रोपे लावली. रोपांची संख्या हे आकर्षक कलम असते. पाण्याची वाट मोकळी करणे हे खरे काम असते.

चौथा, निधी संपल्यावर राखण कोण करणार? मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, कचरा काढणे, मोजणी करणे यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा.

या चारही प्रश्नांत पाचवा येत नाही: वरून पाणी किती येणार? भातसा धरण मुंबईला तिच्या पाण्यातला सुमारे निम्मा वाटा देते, आणि शहापूरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो. मुरबाडचे काळू धरण वनमंजुरीविना सुरू झाले म्हणून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. या निर्णयांचा परिणाम खाडीपर्यंत पोचतो, पण किनाऱ्याचा निधी भरतीच्या रेषेपाशी थांबतो. तिच्या वर राहणाऱ्या माणसाला त्यात रकाना नाही.

तरी हातात काहीच नाही असे नाही. कॅम्पाच्या २०१८च्या नियमांत वनक्षेत्रातली कामे ग्रामसभेशी किंवा वन व्यवस्थापन समितीशी सल्लामसलत करून करायची आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपले जंगल राखण्याचा अधिकार आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामपंचायतींना २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि तो जलसंधारण व वनसंवर्धनासाठी वापरता येतो. दगडी बांध, ओढ्याकाठची झाडे, वणवा रोखणारे जाळपट्टे ही आमच्याकडची कामे. त्यांनी माती थोपते आणि ओढे थोडे जास्त दिवस वाहतात.

माझी सूचना साधी आहे. खाडीकाठच्या समितीने आपल्या अर्जाला त्याच नदीच्या वरच्या गावांचे ग्रामसभा ठराव जोडावेत आणि वरच्या गावांनी आपल्या आराखड्यात नदी कोणत्या खाडीला मिळते ते लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. ठरावाला ग्रामसभेची तारीख, गणपूर्ती आणि सह्या लागतात. ‘मिष्टी’ची पाच वर्षे २०२७-२८ला संपतात, पुढचे आराखडे लिहिले जातील तेव्हा असे जोडलेले चार-दोन अर्ज तरी फाइलीत असले पाहिजेत.