उपशीर्षक व ध्वनिभाषा

चित्रपट वा मालिका यांतील संवाद पडद्याच्या खालच्या भागात दाखविणाऱ्या लिखित मजकुरास उपशीर्षक म्हणतात. ज्या भाषेतील संवाद प्रेक्षकास ऐकू येतात, ती ध्वनिभाषा होय. व्यवहारात सबटायटल व ऑडिओ हे शब्द रूढ आहेत. चित्रपटगृहात भाषेची निवड वितरकाने आधीच केलेली असते. इंटरनेटद्वारा चित्रपट दाखविणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांत मात्र या दोन्ही गोष्टी प्रेक्षकास एकमेकींपासून स्वतंत्रपणे निवडता येतात.

पूर्वेतिहास : मूकपटांत दृश्यांच्या मधे मजकुराच्या पाट्या दाखवीत. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटात अशा पाट्या एकाहून अधिक भाषांत होत्या. बोलपट आल्यावर केवळ पाटी बदलून भागेना. त्यामुळे काही काळ एकच कथा निरनिराळ्या भाषांत पुन्हा चित्रित करण्याची पद्धत होती. प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. पुढे उपशीर्षके व दुसऱ्या भाषेतील संवादांचे पुनर्मुद्रण (डबिंग) हे दोन मार्ग स्थिरावले. जर्मनी, इटली, स्पेन या देशांत डबिंग, तर नेदर्लंड्स व स्कँडिनेव्हियन देशांत उपशीर्षके अधिक रुजली. १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीवर ८ ध्वनिपट व ३२ उपशीर्षकसंच साठविण्याची सोय होती. निवड प्रेक्षकाच्या हाती येण्यास येथून सुरुवात झाली.

रचना : स्ट्रीमिंग सेवेत चित्र, ध्वनी व मजकूर यांच्या स्वतंत्र फाइली असतात. उपशीर्षकाच्या फाइलीत प्रत्येक वाक्यापुढे ते केव्हा उमटावे व केव्हा नाहीसे व्हावे, याच्या वेळा नोंदलेल्या असतात. एका वेळी सामान्यतः दोनच ओळी दाखवितात व त्या सु. १ ते ७ सेकंद टिकतात. बोलण्याचा वेग वाचनाच्या वेगाहून अधिक असल्याने संवाद पुष्कळदा संक्षिप्त करावे लागतात. डबिंगमध्ये अडचण निराळी असते. तेथे वाक्य पात्राच्या ओठांच्या हालचालींशी जुळवावे लागते. म्हणून एकाच संवादाची ही दोन भाषांतरे सहसा सारखी नसतात.

प्रकार व निवड : यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय दिसू शकतात. पहिला मूळ संवादांच्या भाषांतराचा, दुसरा कर्णबधिरांसाठीचा. दुसऱ्यात दारावरची थाप, संगीत, बोलणाऱ्याचे नाव इ. गोष्टीही नोंदविलेल्या असतात व तो पुष्कळदा डब केलेल्या संवादांवरून तयार होतो. स्क्विड गेम (२०२१) या कोरियन मालिकेच्या इंग्रजी मजकुरांतील अशा तफावतीची बरीच चर्चा झाली. मूळ ध्वनी ऐकणाऱ्याने पहिला, तर डब केलेला ध्वनी ऐकणाऱ्याने दुसरा पर्याय घेणे सोयीचे होय. अंध प्रेक्षकांसाठी काही कृतींना दृश्यवर्णनाचा ध्वनिपटही असतो. हे पर्याय बहुधा संवादाच्या फुग्यासारख्या चिन्हाखाली आढळतात. हवी ती भाषा यादीत न दिसल्यास खात्यातील भाषेची नोंद बदलून पाहावी. ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवून घेतलेल्या चित्रपटात सर्व भाषा येतीलच, असे नाही.

मूळ भाषा कळत नसली, तरी तिचा आवाज ऐकण्यास महत्त्व असते. कोर्ट (२०१४) या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या भाषांवरून पात्रांचे सामाजिक स्थान उमगते. सर्व संवाद एकाच भाषेत आणल्यास हा भेद पुसला जातो. उलट, वाचता न येणारी लहान मुले, दृष्टी अधू झालेले वृद्ध व निरक्षर प्रेक्षक यांना डबिंगच उपयोगी पडते.

हक्काचा प्रश्न : कर्णबधिरांच्या दृष्टीने उपशीर्षक ही केवळ सोय नव्हे. अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या दाव्यात २०१२ मध्ये तडजोड होऊन नेटफ्लिक्सने २०१४ पर्यंत आपल्या सर्व चित्रपटमालिकांना असा मजकूर जोडण्याचे मान्य केले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृश्यवर्णन, सांकेतिक भाषा व लिखित मजकूर यांची तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पठाण या हिंदी चित्रपटाच्या स्ट्रीमिंग प्रदर्शनासाठी हिंदी उपशीर्षके व दृश्यवर्णन तयार करण्याचा आदेश दिला.

मराठी चित्रपटास केवळ इंग्रजी उपशीर्षके दिल्यास तो परभाषिकांना खुला होतो. परंतु फक्त मराठी वाचणाऱ्या कर्णबधिरास तो स्वतःच्याच भाषेत बंद राहतो. यासाठी परभाषेतील उपशीर्षकांइतकीच मूळ भाषेतील उपशीर्षकेही आवश्यक ठरतात.