एक मिलिग्रॅमचा वारसा

हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाला ॲड्रेनॅलिन किती द्यायचं, याचं उत्तर जगभरच्या आयसीयूंत एकच आहे: १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. रुग्ण चाळीस किलोंची आजी असो की शंभर किलोंचा पैलवान. लहान मुलांना मात्र हेच औषध वजन धरून, किलोला ०.०१ मिलिग्रॅम देतात. मोठ्यांच्या बाबतीत सोय अशी, की आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये नेमकं एवढंच औषध असतं. फोडा, भरा, द्या.

हा आकडा मोजूनमापून ठरवलेला नाही. शस्त्रक्रिया चालू असताना हृदय थांबलं, तर पूर्वीचे सर्जन थेट हृदयात १ ते ३ मिलिग्रॅम टोचत. पुढे १९६०च्या दशकात रेडिंग आणि पिअर्सन यांनी साधारण दहा किलोंच्या कुत्र्यांना १ मिलिग्रॅम देऊन त्यांची हृदयं पुन्हा चालू केली. माणूस सातपट जड; तरी डोस तोच राहिला आणि शिरेतून दिला जाऊ लागला.

मग साहजिकच वाटलं, आपण कमी तर देत नाही ना? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-बेल्जियममधल्या चाचणीत ३,३२७ रुग्णांना प्रत्येक वेळी ५ किंवा १ मिलिग्रॅम दिलं. मोठ्या डोसाने हृदय चालू होण्याचं प्रमाण वाढलं: ३६.४ऐवजी ४०.४ टक्के. पण रुग्णालयातून जिवंत घरी गेले २.३ टक्के, छोट्या डोसाचे २.८. म्हणजे मॉनिटरवर यश दिसलं, घरी काही वाढीव माणसं परतली नाहीत.

याचं कारण औषधाच्या स्वभावात आहे. ॲड्रेनॅलिन हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, महाधमनीतला दाब वाढतो आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं. मात्र त्याच आवळण्याने मेंदूतल्या बारीक वाहिन्यांतलं रक्त घटू शकतं, आणि चालू झालेल्या हृदयाची प्राणवायूची भूक वाढते.

शेवटी ब्रिटनमध्ये मूळ प्रश्नालाच हात घातला गेला: मुळात हे औषध द्यावं का? रुग्णवाहिकांतल्या ८,०१४ रुग्णांना ॲड्रेनॅलिन किंवा नुसतं सलाइन दिलं. निकाल आला २०१८ साली. तीस दिवसांनी जिवंत होते ३.२ विरुद्ध २.४ टक्के. वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले ३१ विरुद्ध १७.८ टक्के. माझ्या मते या विषयातला सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास हाच.

बाकी औषधांची कथा थोडक्यात. ॲट्रोपिन २०१०मध्ये नेहमीच्या यादीतून गेलं, व्हॅसोप्रेसिन २०१५मध्ये. शॉक देऊनही न सुटणाऱ्या फिब्रिलेशनला ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, मग १५०, किंवा लिडोकेन. सोडा-बायकार्ब सरसकट देऊ नये असं सांगून वर्षं झाली, पण हात अजून तिकडे जातोच!

आयसीयूच्या दाराशी नातेवाईक हात जोडतात, "डॉक्टर, आणखी एखादं इंजेक्शन द्या ना." तसं इंजेक्शन नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब आणि वेळेत शॉक, यांनीच जास्त माणसं वाचतात. म्हणून समोर कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसलं आणि श्वासही नीट चालत नसला, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि तुम्ही दाब द्यायला लागा.