पूजा झाडाची की झाडातल्या देवाची?

 बालाघाट जिल्ह्यातल्या उकवा भागातल्या गोंडांचा बडादेव साजाच्या (ऐनाच्या) झाडात वसतो. त्यावरून ‘हे लोक झाडं पुजतात’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. झाड हे देवाचं ठाणं. सत्यनारायणाला आपण सुपारी मांडतो, पण पूजा सुपारीची नसते, तिच्यावर आवाहन केलेल्या गणपतीची असते, तसंच हे.

जपानच्या शिंतो परंपरेतही ‘कामी’ (दैवी शक्ती) झाडात, डोंगरात, खडकात वसते. अशा झाडाला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधतात. साम्य आहे म्हणून दोन्हींचं मूळ एक ठरवू नये. शिंतोला कुणी संस्थापक नाही. तिच्या कथा इ.स. ७१२ मध्ये ‘कोजिकी’ ग्रंथात नोंदल्या गेल्या. बडादेवाच्या कथा परधान गायकांनी तीन तारांच्या बान्यावर (तंतुवाद्यावर) गाऊन टिकवल्या.