टंचाईकाळातील टँकरच्या टाकीचे निर्जंतुकीकरण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना
यवतमाळ शहराचा पाणीपुरवठा दीर्घकाळ निळोणा व चापडोह या धरणांवर अवलंबून राहिला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली आणि नागरिकांना टँकरचा आधार घ्यावा लागला. अशा वेळी किती पाणी मिळाले याची चर्चा होते. ते ज्या टाकीतून आले, त्या टाकीच्या स्वच्छतेची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचे विवेचन केले आहे.

टाकीच्या स्वच्छतेचे महत्त्व
टाकीच्या तळाशी गाळ साचतो आणि भिंतींवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर तयार होतो. पाण्यात टाकलेले क्लोरीन प्रथम हा गाळ व थर यांवरच खर्च होते. परिणामी उगमापाशी शुद्ध केलेले पाणीही ग्राहकापर्यंत पोहोचताना असुरक्षित ठरू शकते. म्हणूनच पाण्याचे शुद्धीकरण व टाकीचे निर्जंतुकीकरण या दोन स्वतंत्र क्रिया मानल्या पाहिजेत.

कार्यपद्धती
प्रथम टाकी रिकामी करून गाळ काढावा व भिंती ब्रशने घासून धुवाव्यात. बंदिस्त टाकीत हवा खेळती केल्याशिवाय, तसेच बाहेर मदतनीस नसताना कोणीही उतरू नये. त्यानंतर टाकी पाण्याने भरून दर लिटरला ५० मिलिग्रॅम या प्रमाणात क्लोरीन द्यावे. ५,००० लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम क्लोरीन लागते. ब्लीचिंग पावडरमध्ये (टीसीएल) २५ टक्के उपलब्ध क्लोरीन असल्यास ही मात्रा १ किलो पावडर एवढी होते. उष्णता, ओलावा व प्रकाश यांमुळे पावडरची शक्ती घटते. त्यामुळे जुन्या साठ्यावर विसंबून हिशेब करू नये. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी वापरावी. हे पाणी तोटी व नळीतूनही वाहू द्यावे, कारण तेथेही जंतू टिकून राहतात. २४ तासांनंतर ते विहीर वा नाल्यात न सोडता सुरक्षित ठिकाणी रिकामे करावे आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुवावी.

पुढे प्रत्येक खेपेस लागणारी मात्रा पुष्कळ कमी असते. स्वच्छ पाण्यास दर लिटरला २ मिलिग्रॅम धरल्यास ५,००० लिटरसाठी त्याच पावडरचे ४० ग्रॅम पुरतात. पाणी गढूळ असल्यास आधी ते निवळून घ्यावे. किमान ३० मिनिटांनंतर ओटी चाचणी करावी. भारतीय मानक १०५०० नुसार वितरणाच्या ठिकाणी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावे. टँकर गावच्या विहिरीत रिकामा केला जात असेल, तर विहिरीचे शुद्धीकरण वेगळे करावे लागते.

मर्यादा
क्लोरीनमुळे जंतू नष्ट होतात, फ्लोराइड नाही. जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी आदी तालुक्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. मानकाची कमाल अनुज्ञेय मर्यादा दर लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा टँकर ज्या कूपनलिकेवर भरला जातो, तिच्या पाण्याची रासायनिक तपासणी आधी होणे अपरिहार्य आहे.

निष्कर्ष
सुरक्षित टँकरसाठी तपासलेला उगम, निर्जंतुक टाकी आणि प्रत्येक खेपेची क्लोरीन चाचणी या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. त्यांपैकी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. टँकरच्या खेपांच्या नोंदवहीत टाकी धुतल्याची तारीख व चाचणीचा निकाल हे दोन रकाने वाढविल्यास खर्च नगण्य येईल. त्यातून होणारे आरोग्यरक्षण मात्र मोठे असेल.